पाऊस आला की करंट वाढतो : बत्तीस फेम्टोअँपिअरचं एक प्रकरण

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कोकणातल्या एका कॉलेजातून मित्राचा फोन आला. तो तिथे फिजिक्स शिकवतो, मी पुण्यात मोजमापाची उपकरणं बनवतो आणि दुरुस्त करतो. "अरे, आमच्या एमएस्सीच्या दोघा पोरांना पावसात रेडॉन सापडलाय," तो म्हणाला. आवाजात आनंद होता, पण थोडी धाकधूकही होती. "पोस्टर पाठवायच्या आधी तू एकदा बघून जा."

त्याने मोबाइलवर आलेख पाठवला. खाली तीन दिवसांची वेळ, उभ्या अक्षावर फेम्टोअँपिअर, म्हणजे करंटचं अतिसूक्ष्म एकक. कोरड्या दुपारी रेघ ३५-४०च्या आसपास. संध्याकाळी पाऊस, आणि रेघ चढत चढत ४००च्या वर. तिन्ही दिवस तेच.

पोरांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. जमिनीतून निघणारा रेडॉन वायू हवेत विरतो, त्याच्यापासून शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ ही किरणोत्सारी मुलं तयार होतात, ती धुळीच्या कणांना चिकटून हवेत तरंगत राहतात. पाऊस आला की थेंबांबरोबर खाली येतात, आणि जमिनीलगतचा गॅमा किरणांचा मारा थोडा वेळ वाढतो. जगभर हे मोजलं गेलं आहे. पण त्या आलेखात दोन गोष्टी मला खटकल्या. रेघ पाऊस पडायच्या वीसेक मिनिटं आधीच चढू लागली होती. आणि पाऊस थांबल्यावर उतरायला तयार नव्हती. रात्रभर वरच, सकाळी अकरा वाजता ऊन तापल्यावर खाली. शिसं-२१४ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा वेळ, २७ मिनिटं, बिस्मथ-२१४ चं २० मिनिटं. पाऊस रात्री नऊला थांबला असेल, तर बाराच्या आत तो सगळा खेळ आटोपायला हवा. सकाळपर्यंत टिकणारं जे काही होतं, ते रेडॉनचं मूल नव्हतं.

मी एसटीने निघालो.

मोजायचं होतं तरी किती

उपकरण पोरांनी स्वतः बनवलेलं, आणि कल्पना चोख. स्टीलचा १० लिटरचा पिठाचा डबा. झाकणाच्या मध्यातून टेफ्लॉनचा बुश, म्हणजे निरोधक प्लास्टिकची जाड नळी, बुशातून आत उतरलेली पितळेची दांडी. डब्याला १०८ व्होल्ट, म्हणजे ९ व्होल्टच्या १२ बॅटऱ्या एकापुढे एक. कुणाचा हात लागला तर झटका बसू नये म्हणून मध्ये १ मेगाओहमचा रोध. दांडीवरून केबल, केबलच्या टोकाला अ‍ॅम्प्लिफायर. डब्यातल्या हवेत किरणोत्साराने आयन तयार होतात, १०८ व्होल्ट त्यांना ओढतात, आणि दांडीवर जमा होणारा भार अ‍ॅम्प्लिफायर मोजतो. याला आयनीकरण कक्ष म्हणतात.

यातून किती करंट यावा, ते कागदावर मांडता येतं. १० लिटर हवेचं वजन १२ ग्रॅम. जमीन, भिंती आणि आकाश यांच्याकडून येणारा नैसर्गिक मारा साधारण तासाला ०.१ मायक्रोग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) धरला, तर त्या हवेत तासाभरात १.२ नॅनोज्यूल ऊर्जा पडते. आयनांची एक जोडी तयार व्हायला ३४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. भागाकार केला की सेकंदाला सुमारे ६१ हजार जोड्या, आणि करंट १० फेम्टोअँपिअर. घरातला एखादा छोटा एलईडी १० मिलिअँपिअर घेतो. हा करंट त्याच्या लाख-कोटीव्या भागाइतका.

हा आकडा मी फळ्यावर लिहून ठेवला आणि दोन दिवस पुसू दिला नाही. बारीक करंटच्या कामात पहिली चूक इथेच होते. आपण मिलिअँपिअरच्या जगातली सवय घेऊन येतो. तिथे प्लास्टिक म्हणजे निरोधक आणि हवा म्हणजे काहीच नाही. १० फेम्टोअँपिअरच्या जगात प्रत्येक प्लास्टिक थोडं तरी वाहक असतं, वायर हलली की भार तयार होतो, माणूस जवळून गेला तरी काटा हलतो. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर कुठला हा प्रश्न मी मागे ठेवतो. त्या दांडीला काय काय चिकटलेलं आहे, ते आधी पाहायचं.

पोरांनी मात्र अ‍ॅम्प्लिफायरचाच विचार केला होता. त्यांच्याकडे एलएमसी६६२ होता, स्वस्त आणि आठ पायांचा. त्याचा स्वतःचा इनपुट करंट साधारण २ फेम्टोअँपिअर, वर १० गिगाओहमचा फीडबॅक रोध, करंटचं मोजता येईल असं व्होल्टेज करून देणारा. आता एडीए४५३०-१ घ्यायला हवा, त्यासाठी विभागाकडे अर्ज करायचा, असं त्यांचं ठरलं होतं. तो उत्तमच भाग आहे. कमाल २० फेम्टोअँपिअरची हमी देतो, शिवाय गार्डसाठी (ते काय, ते पुढे येईलच) आत वेगळा बफर आहे. पण ४०० फेम्टोअँपिअरचं भूत तो घातल्याने जाणार नव्हतं. मी म्हटलं, अर्ज आठवडाभर थांबवा.

रोधाचा हिशेबही तिथेच केला. कुठल्याही रोधात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची वळवळ चालूच असते, आणि रोध जितका मोठा तितका तिच्यामुळे येणारा करंट-नॉइज लहान. १ मेगाओहमला १ हर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे १३० फेम्टोअँपिअर, १० गिगाओहमला १.३. म्हणजे १ मेगाओहम लावून हे काम कधीच झालं नसतं. १० गिगाओहम लावून, दहा-दहा मिनिटांची सरासरी घेतली, तर रोधाची वळवळ विसरता येते. पोरांची निवड बरोबर होती.

थरथर आणि पातळी

आलेख मोठा करून पाहिला तर त्यात दोन वेगळे आजार होते. एक म्हणजे रेघेची थरथर, वरखाली ६० फेम्टोअँपिअरपर्यंत. दुसरा म्हणजे पावसात चढणारी पातळी. लोक या दोन्हींना "नॉइज" हेच नाव देतात आणि एकच औषध शोधत बसतात. थरथर सरासरीने कमी होते. पातळी खोटी असेल, तर सरासरी घेऊन तीच खोटी पातळी जास्त ठामपणे हाती येते.

थरथरीपासून सुरुवात केली, कारण तिच्याबद्दल एक दुवा आलेखातच होता. दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठ ते सव्वादहा लाईट गेली होती. अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीवर, लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर, त्यामुळे नोंद चालू राहिली. त्या पावणेदोन तासांत रेघ एकदम शांत. पातळी वरच, पण थरथर जवळपास नाही.

माझं निदान तत्काळ झालं : ५० हर्ट्झ. मेन्सची गुणगुण आत शिरते आहे. मग अख्खी दुपार मी झाकणाच्या कडेला तांब्याची पट्टी चिकटवण्यात, पेटीचं अर्थिंग एकाच बिंदूला आणण्यात आणि लॅपटॉपचा चार्जर दूर नेण्यात घालवली. थरथर होती तशीच. खरं तर नोंद घेणारा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचे आकडे करून देणारी चिप, प्रत्येक नमुना नेमका १०० मिलिसेकंद, म्हणजे मेन्सची पाच पूर्ण आवर्तनं, मोजत होता. ५० हर्ट्झ त्यात आपोआप कापला जातो. हे मी आधी तपासायला हवं होतं. निदान आधी ठरवलं आणि पुरावा मागून शोधला.

गाठ सोडवली ती त्या दोघांतल्या विद्यार्थिनीने. ती आलेखाकडे बघत म्हणाली, "सर, लाईट जाते तेव्हा पंखाही बंद होतो ना?"

तिने उठून पंख्याचं बटण बंद केलं. लाईट होतीच. दोन मिनिटांत रेघ सपाट झाली. ६० वरून ८.

डब्यापासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत दीड मीटर आरजी-५८ केबल होती, साधी, आणि तिचा मधला भाग टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होता. पंख्याच्या वाऱ्यावर ती दोन-तीन मिलिमीटर झुलत होती, सहज पाहणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही इतकी. केबल वाकली की आतलं पॉलिथिन आणि बाहेरची तांब्याची जाळी एकमेकांवर घासतात, आणि घासल्याने भार सुटतो, केसांवरून कंगवा फिरवल्यावर सुटतो तसाच. मी बोटाने केबल हलकेच दाबली, आकडा काही पिकोअँपिअर उडाला, म्हणजे आपल्या सिग्नलच्या शेकडो पट. या त्रासासाठी वेगळी केबल मिळते, तिच्यात निरोधक आणि जाळी यांच्यामध्ये ग्राफाइटचा थर असतो. पण सगळ्यात चांगली केबल म्हणजे नसलेली केबल. अ‍ॅम्प्लिफायर उचलून थेट झाकणावर बसवायचा असं ठरलं.

थरथरीचा निकाल लागला. मूळ प्रश्न पातळीचा होता.

फुंकर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दोघांना एक साधा प्रयोग करायला सांगितला. आकडा स्थिर असताना, सरबताच्या नळीतून बुशावर हलकी फुंकर मारायची. डब्याला हात नाही, केबलला हात नाही, पंखा बंद.

विद्यार्थ्याने फुंकर मारली. आकडा ४० वरून तीन हजारांवर गेला. मग अगदी सावकाश उतरत, बारा मिनिटांनी पुन्हा ४५.

कुणी काही बोललं नाही. श्वासातली वाफ पांढऱ्याशुभ्र टेफ्लॉनवर बसली होती आणि तिच्यातून १०८ व्होल्टच्या झाकणावरचा करंट दांडीपर्यंत चालत आला होता. पावसाळी संध्याकाळी अख्खी खोलीच त्या बुशावर फुंकर मारत होती. पाऊस यायच्या आधी वीस मिनिटं हवा ओलसर होते, म्हणून रेघ आधीच चढायची. ऊन तापून बुश सुकला की उतरायची.

"पण टेफ्लॉन तर सगळ्यात चांगला निरोधक आहे ना, सर?" विद्यार्थ्याने विचारलं. आहेच. त्याच्या पोटातून जवळजवळ काहीच वाहत नाही, आणि तो पाणी शोषतही नाही. पण करंटला पोटातून जायची गरज नसते, पृष्ठभाग पुरतो. बुश घट्ट बसवताना त्याला सगळ्यांचे हात लागले होते. घामातलं मीठ तिथे राहिलं, आणि मीठ ओल धरून ठेवतं. टॉर्च तिरका धरून पाहिला तर बुशावर अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसत होता, अगदी आधार कार्डाला द्यावा तसा.

फुंकरीने दोषाची जागा कळली. पण गळती किती आणि खरा करंट किती, हे वेगळं करणं बाकी होतं. त्यासाठी व्होल्टेज बदलायचं. पोरांनी ध्रुव उलटे करून पाहिले होते आणि आकड्याचं चिन्ह उलटं झालं म्हणून खूश झाले होते. पण चिन्ह तर गळतीचंही उलटं होतं. निम्मं केलं की दोघांचे स्वभाव दिसतात. गळती ओहमच्या नियमाने चालते, व्होल्टेज निम्मं तर ती निम्मी. आयनांचं तसं नाही. एवढ्या विरळ आयनांना गोळा करायला ५४ व्होल्टही पुरतात; सेकंदाला जेवढ्या जोड्या तयार होतात तेवढ्याच मिळणार, जास्त ओढून जास्त येत नाहीत.

बारा बॅटऱ्यांच्या मधून, सहाव्यानंतर, एक तार काढली. व्होल्टेज बदललं की टेफ्लॉनमध्ये मुरलेला भार हळूहळू बाहेर येतो, म्हणून दर वेळी अर्धा तास थांबलो. विद्यार्थिनीच्या वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे : दुपारी दोन, कोरडी हवा, १०८ व्होल्टला ३८, ५४ व्होल्टला ३५. संध्याकाळी सात, पाऊस चालू, १०८ ला ४१२, ५४ ला २२२.

पुढचं शाळेतलं गणित. संध्याकाळच्या दोन आकड्यांतला फरक १९०, ती ५४ व्होल्टची गळती; १०८ व्होल्टला ३८०. ४१२ मधून ३८० गेले, उरले ३२. दुपारी फरक ३, गळती ६, ३८ मधून ६ गेले, उरले ३२.

तिने दोन्ही ३२ भोवती पेन्सिलीने गोल काढला आणि बराच वेळ वहीकडे बघत राहिली. पाऊस असो की ऊन, डब्यातली हवा एकच आकडा सांगत होती. तीन दिवसांचा शोध त्या गोलाबरोबर संपला होता, हे तिला कळलं होतं. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त समाधान वाटलं. कारण एवढ्या गळक्या उपकरणातूनही खरा आकडा तिने स्वतः, दोनदा, बाहेर काढला होता.

पितळेची एक चकती

आता दुरुस्ती. बुश धुऊन पुसून काम भागेल का? हिशेब करून पाहा. १०८ व्होल्टला गळती १ फेम्टोअँपिअरवर ठेवायची, तर बुशाचा रोध १ वर १७ शून्यं इतके ओहम हवा. त्या संध्याकाळी तो ३ वर १४ शून्यांच्या जरा खाली होता. कोकणच्या जुलैत, कितीही स्वच्छ धुतला तरी, १ वर १७ शून्यांची आशा कुणी करू नये.

निरोधक सुधारायचा नाही, त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेजच काढून टाकायचं. याला गार्ड म्हणतात. बुशाचे दोन भाग केले, एक बाहेरचा, एक आतला, आणि दोन्हींच्या मध्ये पितळेची चकती. चकती शून्य व्होल्टला, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या जमिनीला जोडली. दांडीही अ‍ॅम्प्लिफायरमुळे जवळजवळ शून्यावरच असते. आता झाकणाचे १०८ व्होल्ट बाहेरच्या टेफ्लॉनवर पडतात; तिथून गळणारा करंट, मग तो १० पिकोअँपिअर का असेना, चकतीवर येऊन जमिनीत जातो आणि मोजलाच जात नाही. आतल्या टेफ्लॉनच्या एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला अ‍ॅम्प्लिफायरच्या चुकीमुळे साधारण १ मिलिव्होल्ट. १ मिलिव्होल्टला १ फेम्टोअँपिअर गळायला रोध १ वर १२ शून्यं असला तरी चालतो. म्हणजे निरोधकाकडून आपली अपेक्षा लाखपट खाली आली. टेफ्लॉन तोच, हवा तीच.

या जागी एक जुनी गोष्ट आठवते, आणि ती आठवली की मला दर वेळी बरं वाटतं. १९००-०१ च्या सुमारास केंब्रिजमध्ये सी. टी. आर. विल्सन हेच मोजत होते : बंद भांड्यातल्या स्वच्छ, कोरड्या हवेतूनही भार गळतो का? पहिली शंका तीच, आमच्यासारखीच : गळतो तो हवेतून की आधारातून? विल्सन यांनी सोन्याचं पान असलेली पट्टी गंधकाच्या मण्याने टांगली, आणि मण्याच्या वरचा आधार पट्टीच्या सुरुवातीच्या व्होल्टेजवरच धरून ठेवला. त्यामुळे मणी गळला तरी पट्टीचा भार कमी होणार नाही, झाला तर भरूनच निघेल. तरीही भार कमी झाला, म्हणजे तो हवेतूनच गेला. मग ते रात्री स्कॉटलंडमधल्या रेल्वेच्या बोगद्यात उपकरण घेऊन गेले, गळती कमी होते का ते पाहायला. पुढे १९१२ मध्ये व्हिक्टर हेस बलूनमधून ५ हजार मीटरच्या वर गेले आणि वैश्विक किरण सापडले, त्यामागे हीच "गळती" होती. हवेचा सूक्ष्म करंट खरा आहे यावर विश्वास बसला, कारण आधाराची गळती आधी बाद झाली होती.

आमची चकती तालुक्याच्या गावातल्या लेथवाल्याने तासाभरात कातून दिली. टेफ्लॉनचे दोन तुकडेही त्यानेच केले. एवढंसं काम कशाला लागतं म्हणून त्याने विचारलं, तेव्हा विद्यार्थ्याने त्याला सगळी गोष्ट सांगितली, आणि त्याने तुकडे हातात न देता कोऱ्या कागदात गुंडाळून दिले.

मग धुणं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोनदा, नंतर डिस्टिल्ड वॉटर, पुन्हा अल्कोहोल, आणि हेअर ड्रायरची कोमट हवा. त्यानंतर चिमट्याशिवाय स्पर्श नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या बोर्डावर सोल्डरिंगचा फ्लक्स पिवळा पडून बसला होता. फ्लक्स म्हणजे राळ, आणि ती ओलाव्यात गळते. पण इनपुटचा पाय बोर्डावर ठेवायचाच कशाला? आयसीचा तो एक पाय वर वाकवला, रोधाचं टोक, दांडीची तार आणि तो पाय असे तिघे हवेतच एकमेकांना सोल्डर केले. बोर्ड कितीही गळका असला तरी आता त्याचा या जोडाशी संबंध नाही. सगळं झाकणावरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत, सोबत सिलिका जेलची पुरचुंडी. जेलचे दाणे निळे राहिले पाहिजेत. गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर भाजून घ्यायचे. हे काम मित्राच्या घरी वहिनींनी केलं, पोह्यांच्या आधी.

जोडणी झाली, चालू केलं, आणि आकडा आला उणे ९०.

विद्यार्थी हवालदिल झाला, लगेच पेटी उघडायला निघाला. मी थांबवलं. नव्याने आवळलेलं टेफ्लॉन दाबाखाली असतं, पुसल्यामुळे त्याच्यावर भारही बसलेला असतो. तो सुटायला तास लागतात. अशा वेळी उघडलं की पुन्हा पहिल्यापासून. बारीक करंटच्या कामात हात मागे बांधून बसणं हाही कामाचाच भाग आहे. रात्री दहाला उणे १२, सकाळी सहाला ३१. रात्रभर पाऊस कोसळत होता. विद्यार्थिनी सातला आली, ओल्या छत्रीसकट दारातच उभी राहिली, छत्री बाहेर ठेवली आणि मग आत आली. १०८ व्होल्टला ३३, ५४ ला ३२. फुंकर मारून पाहिली, बाहेरच्या टेफ्लॉनवर, जोरात. काही झालं नाही.

बत्तीसमधले पंधरा

हिशेबाने १० यायला हवे होते, येत होते ३२. ही तफावत मला सोडवेना, आणि पोरांनाही. गळती तर आता बाद झाली होती. मग उरतो तो डब्यातला रेडॉन. झाकण नुसतं टेकवलेलं होतं, खोलीतली हवा आत-बाहेर करत होती. रेडॉनचा एक अल्फा कण साडेपाच दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट घेऊन निघतो. पूर्ण मार्ग हवेत गेला तर एक लाख साठ हजार जोड्या, म्हणजे नुसत्या गॅमा किरणांच्या अडीच सेकंदांच्या कमाईइतका भार एका झटक्यात. दर दोन-तीन सेकंदांनी एखादा अल्फा सुटला तरी करंट दुप्पट.

तपासायचा मार्ग सोपा आणि संथ. कोरडी हवा भरून झाकण सिलिकॉन सीलंटने बंद केलं आणि वाट पाहिली. रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवस. मी पुण्याला परतलो. आकडे मोबाइलवर येत राहिले. चौथ्या दिवशी २४. आठव्या दिवशी साडेवीस. चोविसाव्या दिवशी १७, आणि तिथेच थांबला. सुटलेले पंधरा ३.८ दिवसांच्या चालीने गेले होते. पावसात रेडॉन शोधायला निघालेल्या पोरांना तो डब्यातच सापडला. यावेळी त्याची ओळख अर्धायुष्याने पटवलेली होती, आणि पोस्टर त्याचंच झालं.

उरलेल्या १७ पैकी सात कुठले? माझा कयास स्टीलच्या पृष्ठभागावरच्या आणि दांडीच्या सोल्डरमधल्या अल्फा कणांवर आहे. शिशाच्या सोल्डरमध्ये पोलोनियम-२१० चा अंश असतो. दांडी स्क्रूने बसवून पाहा म्हणून सांगितलं आहे.

व्होल्टेज आलटून पालटून घ्यायची सवय मात्र विद्यार्थिनीने सोडली नाही. एक तास १०८, एक तास ५४, वहीत दोन रकाने. ऑक्टोबरमध्ये, परतीच्या पावसाच्या एका संध्याकाळी, तिचा मेसेज आला. आठवडाभर कोरडं गेल्यावर जोराची सर आली होती. सर सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी आकडा १७ वरून १९ झाला होता, आणि सर थांबल्यावर पाऊण तासात १८ च्या खाली.

मी एवढंच विचारलं, "५४ व्होल्टला?"

"सर थांबली तेव्हाच ५४ वर आणलं होतं, सर. तिथेही १९ पासूनच उतरायला लागला."